समुद्रात जाळे हरवले तर: शोधाचा खर्च, भरपाई आणि कागदपत्रे

वरळी कोळीवाड्यात किल्ल्याच्या आसपास लागणाऱ्या बऱ्याच होड्या लहान आहेत. एक किंवा दोन सिलिंडरचे इंजिन, दोन-तीन माणसे आणि किनाऱ्याजवळच्या खडकाळ पाण्यात टाकलेली शेवंडीची, चिंबोरीची, माशांची जाळी. अशा घरात होडी आणि इंजिनाखालोखाल पैसा अडकलेला असतो तो जाळ्यात. सकाळी जागेवर जावे आणि बोया दिसू नये, ही वेळ समुद्रावर पोट असलेल्या प्रत्येक घरावर कधी ना कधी येते. त्या वेळी शोधायला किती खर्च करावा, कधी थांबावे आणि कोणाकडून काय परत मिळू शकते, याचे हे मार्गदर्शन.

सार सुरुवातीलाच सांगतो. हरवलेल्या जाळ्याचे पैसे दोन कारणांनी बुडतात. पहिल्या भरती-ओहोटीत नीट शोध होत नाही आणि पहिल्या दिवशी पुरावा जमा होत नाही. या दोन्ही गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत, घाई मात्र करावी लागते.

जाळे कशाने गेले, ते आधी ठरवा

भरपाई मिळते ती कारणाप्रमाणे. म्हणून शोधाला निघण्यापूर्वीच हे ठरवावे.

१. वादळाने गेले: शासनाची नैसर्गिक आपत्तीची मदत लागू होऊ शकते.
२. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडवण्यासाठी स्वतः कापले: राज्याची वेगळी भरपाई योजना आहे.
३. दुसऱ्या बोटीने किंवा जहाजाने तोडले: तक्रार करून दावा करावा लागतो.
४. चोरीला गेले: पोलिसांत फिर्याद.
५. खडकात किंवा पुलाच्या खांबापाशी अडकले: यासाठी आपत्तीची मदत नाही. सारी भिस्त शोधावर.

वरळीत पाचवे कारण विशेष महत्त्वाचे. २००९ मध्ये सागरी सेतू खुला झाला आणि त्यानंतर किनारी रस्त्याचा जोडपूल आला. होड्यांच्या वाटेवरच्या खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवण्याचे ठरले होते. कोळीवाड्यातल्या मच्छिमारांनी २०० मीटरची मागणी लावून धरली, काम अडवले, आणि शेवटी १२० मीटरचा निर्णय झाला. होडीला वाट मिळाली खरी, पण सुटून वाहणारे जाळे वाट पाहून जात नाही. पाण्याखालचे खांब आणि खडक यांच्यात ते गुंततेच.

पहिली भरती, पहिली ओहोटी

मुंबईत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. पाणी साधारण सव्वासहा तासांनी फिरते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जबर असते, अष्टमीच्या सुमारास भांगाला पाणी मंद असते. एक नॉट ओढ म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. सुटलेली वस्तू एका ओहोटीत दहा किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि पुढच्या भरतीत त्यातले बरेचसे अंतर परत येऊ शकते. म्हणून जाळे नेमके कधी सुटले याचा अंदाज बांधा आणि त्यानंतर पाणी किती वेळा फिरले ते मोजा. ओहोटीत गेलेले जाळे उघड्या समुद्राच्या बाजूला शोधावे. भरतीत सुटलेले माहीमच्या खाडीमुखाकडे, दादर-माहीमच्या किनाऱ्याकडे वळण्याची शक्यता जास्त.

जाळे कशाचे आहे, यावरही शोध ठरतो. नायलॉन पाण्यापेक्षा जड असते. बोये तुटले की नायलॉनचे जाळे तळाशी बसते आणि फार लांब जात नाही. तिथे टाकल्या जागेभोवतीच शोधावे. पॉलिप्रॉपिलिनचे दोर आणि एचडीपीईची जाळी पाण्यापेक्षा हलकी असतात. ती तरंगतात आणि ओढीबरोबर दूर जातात. वर तरंगणारा दोर दिसला तर त्याच्या टोकाला तळाशी बसलेले जाळे असू शकते. दोर कापू नका, आधी मोबाइलवर जागेची नोंद घ्या.

तळाचे जाळे काढायला चार आकड्यांचा लोखंडी गळ दोराला बांधून, टाकल्या ओळीला आडवा, सावकाश ओढतात. ओळीच्या दिशेने ओढला तर गळ जाळ्याला समांतर निघून जातो. पाणी थांबलेले असते त्या अर्ध्या-पाऊण तासात हे काम करावे. गळ अडकल्यावर इंजिनाचा जोर लावू नका, जाळे फाटते आणि दोर पंख्यात गेला तर होडीच अडचणीत येते. मुंबईच्या गढूळ पाण्यात बुडी मारून जाळे सोडवायला एकट्याने कधीही उतरू नये. जाळ्यात पाय गुंतलेल्या माणसाला वर येता येत नाही. कोणतेही जाळे त्या मोलाचे नाही.

होडीच सुटून गेली असेल तर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्रीय संस्थेचे ‘सारत’ हे साधन उपयोगी आहे. २०१६ पासून ते विनामूल्य उपलब्ध आहे. वारा आणि प्रवाह धरून हरवलेली होडी किंवा माणूस कुठे वाहून गेला असेल, त्याची शक्य जागा ते दाखवते. माणसाच्या जिवाला धोका असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक फिरवा. ही सेवा माणसांसाठी आहे. जाळे शोधण्यासाठी ती मागू नये.

शोधावर किती खर्च करावा

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे भरावेत.

समजा, इंजिनाला तासाला ३ लिटर डिझेल लागते आणि शोधाची फेरी ४ तासांची आहे. १२ लिटर झाले. लिटरला ९० रुपये धरले तर १,०८० रुपये. दोन माणसांची मजुरी प्रत्येकी ७०० धरली तर १,४००. एक फेरी साधारण २,५०० रुपयांना पडते. त्या वेळात मासेमारी बुडत असेल तर ते नुकसान वेगळे.

आता जाळ्याची किंमत. समजा, नव्याने घेतले तर २०,००० रुपये पडतात, पण जाळे अर्धे वापरून झाले आहे. मग हरवलेला माल २०,००० चा नाही, १०,००० चा आहे. सापडण्याची शक्यता निम्मी धरली तर शोधावर ५,००० पर्यंत खर्च करणे पटते. म्हणजे दोन फेऱ्या. तिसरी फेरी जिद्दीची असते, हिशेबाची नसते.

हा हिशेब समुद्रात जाण्यापूर्वी घरात बसून करावा. पाण्यावर गेल्यावर ‘आणखी थोडे पुढे पाहू’ म्हणत डिझेल जाते.

खर्च कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. शोध नेहमीच्या मासेमारीच्या फेरीला जोडला तर फक्त जादा डिझेलचा भार पडतो. आणि हरवल्याची खबर, जाळ्याचा रंग, बोयाची खूण लगेच आपल्या मच्छिमार संस्थेला आणि शेजारच्या कोळीवाड्यांना द्यावी. दहा होड्यांची नजर फुकट मिळते. दुसऱ्याचे जाळे आपल्याला सापडले तर तेही संस्थेत जमा करावे, म्हणजे पुढच्या वेळी तीच सोय आपल्यालाही मिळते.

जाळे सापडत नाही म्हणून विषय संपत नाही. तळाशी पडलेले जाळे मासेमारी करतच राहते. त्यात शेवंड अडकते, मरते, तिच्या वासाने चिंबोरी येते, तीही अडकते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दर वर्षी हरवणाऱ्या गिलनेट जाळ्यांचा अंदाज २,९६३ चौरस किलोमीटर इतका काढला आहे. म्हणून जागेची नोंद ठेवा. पुढच्या भांगाला तिकडून जाताना गळ टाकून पाहता येतो.

दुरुस्ती की नवे जाळे

सापडलेले जाळे आधी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पसरावे. उन्हाने नायलॉन कमजोर होते. मग तीन भाग करा: चांगले, शिवण्याजोगे, टाकाऊ. दोन-तीन ठिकाणचा धागा बोटांत धरून ताणा. सहज तुटत असेल तर ते जाळे शिवण्याची मजुरी वाया जाईल, कारण शिवलेली जागा टिकेल आणि शेजारची फाटेल. शिवणाऱ्याची मजुरी आणि धाग्याचा खर्च मिळून नव्या तुकड्याच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल तर नवा तुकडा घ्यावा. बोये, शिसे आणि वरचा-खालचा दोर बहुतेक वेळा वाचतात. ते नव्या जाळ्याला लावले की खर्च बराच खाली येतो.

टाकाऊ नायलॉन समुद्रात किंवा बंदरावर सोडू नका. स्वच्छ, वेगळे काढलेले नायलॉन भंगारात विकले जाते. दोर आणि शिसे त्यात मिसळले तर भाव पडतो.

नव्या जाळ्यासाठी पैसे उचलायचे असतील तर सावकाराआधी बँकेत जा. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छिमारांनाही मिळते. त्यावरच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, ठरलेल्या मर्यादेत आणि वेळेवर फेड केल्यास, व्याजाचा बोजा ४ टक्क्यांवर येतो. साधनांच्या खरेदीवरच्या अनुदानाची चौकशी आपल्या मच्छिमार सहकारी संस्थेत करावी.

परत काय मिळू शकते

*प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापले तर.* डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात ही योजना आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती राबवतात. संरक्षित सागरी प्राणी जिवंत सोडताना जाळ्याचे नुकसान झाले तर जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळू शकतात. रक्कम नुकसानीच्या प्रमाणात ठरते. यात पुरावा म्हणजे छायाचित्रे किंवा चित्रफीत. प्राणी जाळ्यात अडकलेला, जाळे कापताना, प्राणी पाण्यात जाताना आणि फाटलेले जाळे, अशी चारही दृश्ये घ्या. सोबत होडीची नोंदणी, मासेमारी परवाना आणि बँक खात्याचा तपशील लागतो. कासवाला पायाच्या वल्ह्यांना धरून ओढू नका, पाठीच्या कवचाच्या दोन्ही बाजूंना धरून उचला. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. समुद्री कासवाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्याची शिकार किंवा विक्री केल्यास ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते.

*वादळाने गेले तर.* केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेले आपत्ती मदतीचे दर असे:

अंशतः फाटलेले जाळे: ३,००० रुपये
पूर्ण नष्ट झालेले जाळे: ४,००० रुपये
अंशतः नुकसान झालेली होडी: ६,००० रुपये
पूर्ण नष्ट झालेली होडी: १५,००० रुपये

मोठ्या आपत्तीत राज्य सरकार दर वाढवते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, त्यानंतर राज्याने जाळ्यांसाठी ५,००० आणि होड्यांसाठी नुकसानीप्रमाणे १०,००० किंवा २५,००० रुपये जाहीर केले होते. यासाठी पंचनामा अनिवार्य आहे. पंचनाम्यात जाळ्याची नोंद होडीपासून वेगळी झाली आहे का, ते सही करण्यापूर्वी वाचा. त्याच आपत्तीसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत घेतली असेल तर ही मदत मिळत नाही.

हे दर जाळ्याच्या खऱ्या किमतीच्या जवळपासही नाहीत. ४,००० रुपयांत पूर्ण जाळे उभे राहत नाही. मच्छिमारांच्या संस्थांनी हे दर वाढवून घेण्याची मागणी सोडू नये.

*दुसऱ्या बोटीने तोडले तर.* बोटीचा नोंदणी क्रमांक, जहाज असेल तर नाव आणि दिशा, वेळ आणि जागा लगेच टिपा. मोठ्या जहाजांची हालचाल एआयएस यंत्रणेत नोंदली जाते, त्यामुळे अचूक वेळ दिली तर जहाज ओळखता येते. तक्रार सागरी पोलिसांकडे आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहाय्यक आयुक्तांकडे, दोन्हीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. आपली बाजू भक्कम राहण्यासाठी रात्री जाळे टाकलेल्या होडीवर नियमाप्रमाणे वर लाल आणि खाली पांढरा दिवा हवा. जाळे १५० मीटरपेक्षा लांब पसरले असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा दाखवायचा असतो. जहाजांमुळे होणारे नुकसान एका होडीपुरते राहत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडले, कंटेनर समुद्रात तरंगत राहिले. अशा वेळी दावे संस्थेमार्फत एकत्र करावेत.

*विमा असेल तर.* होडीच्या विम्यात जाळे आपोआप धरलेले असेल असे समजू नका. पॉलिसीत जाळ्याचा वेगळा उल्लेख आणि वेगळी रक्कम आहे का ते पाहा. दावा चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपालाकडे अर्ज. त्याला शुल्क नाही. जाळे किंवा बोये निकृष्ट निघाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली साधने असतील तर मच्छिमारही कायद्याने ग्राहक आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मात्र पावती हवी. रोखीने, पावतीशिवाय घेतलेल्या जाळ्याची किंमत कोणासमोरही सिद्ध होत नाही.

जाळ्यात परकी वस्तू आली तर

डिसेंबर २०१९ मध्ये पुदुच्चेरीच्या मच्छिमारांच्या जाळ्यात पीएसएलव्ही रॉकेटच्या जोडमोटरचे रिकामे नळकांडे आले होते. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. ते चिनी रॉकेटचा भाग असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. वरळीजवळ नौदल आणि तटरक्षक दलाची ठाणी आहेत, शिवाय ड्रोन, हवामानाची उपकरणे, बोये हेही पाण्यात पडतात. अशी वस्तू जाळ्यात आली तर फोडू नका, भंगारात विकू नका. टाकीत इंधन किंवा दाब उरलेला असू शकतो. १०९३ वर कळवा. जाळे कापावे लागले तर वस्तूसह जाळ्याचे छायाचित्र घ्या आणि वस्तू ताब्यात देताना लेखी पोच मागा. भरपाईची मागणी करायची झाली तर तीच पोच हातात असते.

हरवण्याआधीचा खर्च

अमेरिकेत-युरोपात हौशी रॉकेट उडवणारी मंडळी उडवण्यापूर्वी रॉकेटवर नाव आणि फोन लिहितात, वाऱ्याची दिशा पाहतात आणि पडताना एखाद्या झाडाच्या किंवा इमारतीच्या रेषेत जागा धरून ठेवतात. मच्छिमारांसाठीही हीच पद्धत योग्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनेही २०१९ मध्ये मासेमारीच्या साधनांवर खूण करण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

प्रत्येक बोयावर होडीचा नोंदणी क्रमांक न पुसणाऱ्या रंगाने लिहा. आपल्या होडीचा एक रंगपट्टा ठरवा. जाळे टाकताना दोन्ही टोकांची जागा मोबाइलच्या जीपीएसवर जतन करा. किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणांची रेषही मनात धरा, कारण मोबाइल भिजतो. दोन्ही टोकांना बोया ठेवा. एक तुटला तर दुसऱ्यावरून जाळे सापडते. उधाणाच्या दिवसांत खांब आणि खडकांजवळ जाळे रात्रभर ठेवू नका. ‘प्रधानमंत्री मत्स्य संपदा’ योजनेतून मासेमारी नौकांवर नौकेची जागा कळवणारे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या कामाची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. नौकामालकाला ते विनामूल्य मिळते. होडी पात्र असेल तर संस्थेत नाव नोंदवा.

जवळ ठेवायची कागदपत्रे

होडीची नोंदणी आणि मासेमारी परवाना
जाळे, बोये, दोर यांच्या खरेदीच्या पावत्या
जाळ्याचे हंगामाच्या सुरुवातीचे छायाचित्र
डिझेलची बिले, शोधाच्या फेरीचीसुद्धा
तक्रारीची, पंचनाम्याची आणि अर्जाची पोच
आधार आणि बँक पासबुकाची प्रत

हे सारे मोबाइलमध्ये छायाचित्र काढून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा.

१ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ जाळी शिवण्याचा असतो. त्याच दिवसांत बोयांवर क्रमांक रंगवा, पावत्या एका पिशवीत लावा आणि जाळ्यांची छायाचित्रे काढा. रंगाचा एक डबा आणि एक दुपार एवढाच त्याचा खर्च. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाईल, तेव्हा तिच्यावरच्या प्रत्येक जाळ्याला मालकाचे नाव असू द्या.